‘वुड रादर’ आणि ‘त्यापेक्षा बरे’ : पसंतीच्या एका इंग्रजी वाक्प्रयोगाची चिकित्सा
(पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक परिसराच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

इंग्रजी भाषेत पसंती व्यक्त करण्यासाठी जे वाक्प्रयोग रूढ आहेत त्यांत ‘वुड रादर’ हा अतिशय प्रचलित आहे. ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट फॉर द बस’ या वाक्याचा मराठी अर्थ पदवीच्या वर्गात विचारला असता बहुधा एकच उत्तर मिळते : ‘मी बसची वाट पाहण्यापेक्षा चालणे पसंत करीन.’ हे उत्तर चूक नाही. परीक्षेत त्याला पूर्ण गुण द्यावे लागतात. मात्र भोसरीच्या किंवा निगडीच्या थांब्यावर उभा असलेला मराठी माणूस हे वाक्य कधीच उच्चारणार नाही. तो म्हणेल, ‘बसची वाट बघण्यापेक्षा चालत गेलेले बरे.’ या दोन मराठी वाक्यांतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वरवर पाहता हा केवळ भाषांतराचा प्रश्न वाटतो. परंतु पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात इंग्रजी ही ग्रंथालयापुरती मर्यादित भाषा नाही. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या दशकांत आकुर्डी, चिंचवड, भोसरी ही गावे कारखान्यांच्या नावांनी ओळखली जाऊ लागली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वाहन उद्योगाचे केंद्र बनत गेले. येथे मुलाखत, कामाची सूचना, बदलीचा अर्ज आणि राजीनामा या सर्व प्रसंगी इंग्रजी समोर येते. या प्रत्येक प्रसंगी ‘तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात विचारला जातो. म्हणून पसंतीच्या वाक्प्रयोगाचा अर्थ नीट समजणे हा येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने व्यावहारिक प्रश्न आहे, आणि या परिसराचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने तो अभ्यासपद्धतीचाही प्रश्न आहे.

२. वाक्प्रयोगाची घडण

‘रादर’ हा शब्द मुळात तुलनादर्शक आहे. जुन्या इंग्रजीत ‘लवकर, त्वरेने’ या अर्थाचा जो शब्द होता त्याचे हे ‘अधिक लवकर’ असे रूप होय. म्हणजे ‘मी हे रादर करीन’ याचा मूळ अर्थ ‘मी हे आधी करीन’ असा होता. ‘वुड सूनर’ हा समांतर वाक्प्रयोग आजही हीच कल्पना उघडपणे सांगतो. जे आपल्याला अधिक हवे असते त्याकडे आपण आधी वळतो, या साध्या अनुभवातून काळाचा शब्द पसंतीचा शब्द झाला.

ही घडण मराठीला परकी नाही. सिंहगडाच्या १६७० मधील लढाईच्या संदर्भात तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडी परंपरेने जे उद्गार घातले जातात, त्यांत कोंढाण्याचे लग्न आधी आणि मुलाचे नंतर, असा क्रम सांगितलेला आहे. तो क्रम दिनदर्शिकेतील नसून मूल्यांचा आहे, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘अग्रक्रम’ या आपल्या शब्दातही हेच तत्त्व आहे.

‘वुड रादर’च्या शेजारी ‘हॅड रादर’ ही रचना दीर्घकाळ नांदत होती. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’ (१५९९) या नाटकात ब्रूटस हीच रचना वापरून, विशिष्ट परिस्थितीत रोमचा पुत्र म्हणवून घेण्यापेक्षा आपण खेडूत होणे जवळचे मानू, असे सुचवतो. सॅम्युएल जॉन्सनने मात्र १७५५ च्या आपल्या कोशात ‘हॅड रादर’ला असंस्कृत ठरवले आणि ती अलीकडची घुसखोरी आहे असे मत दिले. ती अलीकडची नव्हती, हे शेक्सपिअरच्या उदाहरणावरूनच स्पष्ट होते. कोशकाराचा निर्णय आणि भाषेचा व्यवहार यांत अंतर पडते, याचा हा बोलका दाखला आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की बोलणारा स्वतःविषयी सांगत असेल तर पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते : ‘आय वुड रादर स्टे’. दुसरी अशी की तो दुसऱ्याच्या कृतीविषयी सांगत असेल तर पुढे भूतकाळाचे रूप येते : ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’. येणे उद्याचे आहे आणि क्रियापद मात्र कालचे. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटते. परंतु ते आपल्याच भाषेत काय करतात याकडे लक्ष वेधले तर हा विचित्रपणा उरत नाही. ‘तुम्ही उद्या आलात तर बरे’ या वाक्यातही येणे उद्याचे आणि ‘आलात’ हे रूप भूतकाळाचे आहे. ‘त्याच्यापेक्षा हा परवडला’ असे आपण म्हणतो तेव्हा व्यवहार अजून झालेला नसतो. जे प्रत्यक्ष नाही, केवळ मनात मांडले आहे, ते सांगण्यासाठी दोन्ही भाषा भूतकाळाच्या रूपाकडे वळतात. हे साम्य पाठ्यपुस्तकांनी दाखवले असते तर ‘केम’ हे रूप नियम म्हणून पाठ करण्याची वेळ आली नसती.

३. मराठीतील पसंतीची रूपे

मराठीत ‘वुड रादर’ला एकच प्रतिशब्द नाही. त्याऐवजी एक मोठे शब्दकुल आहे आणि त्यातील प्रत्येक शब्द बोलणाऱ्याची परिस्थिती निराळी दाखवतो.

(अ) बरे : ‘यापेक्षा घरी बसलेले बरे.’ मराठीतील ‘बरा’ हा शब्द संस्कृत ‘वर’ या शब्दापासून आला आहे. ‘वर’ या शब्दाच्या मुळाशी ‘निवडणे’ या अर्थाचा ‘वृ’ धातू आहे; ‘स्वयंवर’ या शब्दात तो अर्थ अजूनही जिवंत आहे. संस्कृत सुभाषितांत ‘वरम्’ असे म्हणून एक गोष्ट स्वीकारायची आणि ‘न’ म्हणून दुसरी नाकारायची, ही रचना सर्वपरिचित आहे. मराठीतील ‘त्यापेक्षा हे बरे’ ही तिचीच लेक होय. मात्र मराठीपर्यंत येताना ‘बरे’ या शब्दातील श्रेष्ठत्व झिजले. दोन वाईट गोष्टींतील कमी वाईट गोष्ट आज ‘बरी’ ठरते. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ या म्हणीत हाच भाव आहे : वीट मऊ असते असे कोणीही मानत नाही.

(आ) परवडणे : हे मूलतः व्यवहाराचे क्रियापद आहे. किंमत, खर्च, श्रम आपल्या आवाक्यात असणे म्हणजे परवडणे. ‘एक वेळ रात्रपाळी परवडली, पण हा प्रवास नको’ या वाक्यात कामगार आपल्या आवडीविषयी काहीच सांगत नाही. तो दोन्हींची झीज मोजून एका बाजूला कौल देतो. ‘पुरवला’ या रूपाचा बोलीतील वापरही असाच आहे.

(इ) पत्करणे : जबाबदारीने आणि परिणामांसह स्वीकारणे. हार पत्करतात, शरणागती पत्करतात, मरण पत्करतात आणि नोकरीही पत्करतात. चाकणच्या संग्रामदुर्गाचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या फौजेशी जवळजवळ दोन महिने झुंज दिली. किल्ला हातचा गेल्यावर खानाने देऊ केलेली चाकरी त्याने नाकारली, असे इतिहासकथनात सांगितले जाते. त्याने पराभव पत्करला, चाकरी पत्करली नाही. या वाक्यात ‘पसंत केला’ हे शब्द घालून पाहिले तर अर्थाचा कसा विपर्यास होतो हे ध्यानात येईल.

(ई) एक वेळ... पण... : ‘एक वेळ उपाशी राहीन, पण हात पसरणार नाही.’ येथे पहिली गोष्ट हवी असते असे नाही. दुसरी किती नको आहे हे सांगण्यासाठी ती पणाला लावलेली असते. ‘वुड रादर’च्या जोरकस वापराला सर्वांत जवळचे मराठी रूप हेच होय.

(उ) आवडणे : ‘मला चालायला अधिक आवडते.’ येथे बोलणारा कर्ता नाही. ‘मला’ या रूपाने तो अनुभव घेणारा म्हणून उभा आहे. आवड असते, ती निवडीपर्यंत पोहोचेलच असे नाही.

(ऊ) पसंत करणे : ‘पसंत’ हा फारसीतून आलेला शब्द. मराठीत त्याचे नेहमीचे संदर्भ पाहावेत : कापड पसंत करणे, जागा पसंत करणे, स्थळ पसंत करणे. समोर माल मांडलेला आहे आणि निवडणारा पारख करीत आहे, असे चित्र या शब्दामागे आहे. पसंत करणाऱ्याला नापसंत करण्याचीही मोकळीक असते. किंबहुना त्याचा हात वरचा असतो.

४. प्रचलित प्रतिशब्दाची समीक्षा

आपल्या मार्गदर्शक पुस्तकांनी या सहा रूपांपैकी शेवटचे रूप उचलले आणि ‘वुड रादर म्हणजे पसंत करणे’ असे समीकरण रूढ केले. यामागील कारण समजण्यासारखे आहे. भाषांतरपद्धतीच्या अध्यापनाला एका शब्दासमोर एक शब्द ठेवण्याची सोय हवी असते. तर्खडकरांच्या पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकवले आणि त्या पद्धतीचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाक्प्रयोगाच्या बाबतीत ही सोय महागात पडते. तिचे तीन दोष येथे नोंदवावेसे वाटतात.

पहिला दोष रचनेचा आहे. ‘पसंत करणे’ हे समीकरण डोक्यात बसले की विद्यार्थी ‘प्रिफर’ आणि ‘रादर’ यांना एक मानतो. ‘आय वुड रादर प्रिफर टू गो’ किंवा ‘आय प्रिफर टी दॅन कॉफी’ ही वाक्ये प्रत्येक इंग्रजीच्या शिक्षकाने उत्तरपत्रिकांत पाहिली असतील. याचे मूळ विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात नाही. मराठीतील ‘-पेक्षा’ हा एकच प्रत्यय इंग्रजीतील ‘दॅन’, ‘प्रिफर’नंतरचा ‘टू’ आणि ‘इन्स्टेड ऑफ’ या तिन्हींचे काम करतो. मराठीत जे एक आहे ते इंग्रजीत तीन ठिकाणी विभागले आहे, हे सांगितल्याशिवाय चूक सुधारत नाही.

दुसरा दोष अर्थाचा आहे. ‘वुड रादर’मध्ये नाकारलेली गोष्ट तितकीच महत्त्वाची असते. ती वाक्यात आली नाही तरी ऐकणाऱ्याला जाणवते. ‘पसंत करीन’ या मराठी वाक्यात स्वीकारलेल्या गोष्टीवर प्रकाश पडतो आणि नाकारलेली गोष्ट मागे सरते. त्यामुळे विद्यार्थ्याला हा वाक्प्रयोग आवडीनिवडीच्या गप्पांचा वाटतो. त्यातील नकार त्याच्या कानी पडत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. ‘पसंत करणे’ हा शब्द परिस्थिती पुसून टाकतो. इंग्रजी वाक्प्रयोग याबाबत उदासीन आहे. दोन चांगल्या गोष्टींतील निवड असो, दोन वाईट गोष्टींतील असो, ‘वुड रादर’ बदलत नाही. मराठीत मात्र ‘पसंत केले’, ‘बरे वाटले’, ‘परवडले’ आणि ‘पत्करले’ यांत निवडणारा किती मोकळा होता हे क्रियापदातच नोंदले जाते. उदासीन शब्दासमोर आपण आपला सर्वांत सुखवस्तू शब्द ठेवला आहे.

५. कारखान्यातील आणि मुलाखतीतील वापर

एखादा वरिष्ठ अधिकारी नव्या प्रशिक्षणार्थ्याला म्हणतो, ‘आय वुड रादर यू डिडंट लीव्ह द लाइन.’ शब्दशः पाहता अधिकाऱ्याने स्वतःची इच्छा कळवली आहे. व्यवहारतः तो मनाईहुकूम आहे. ‘पसंत करणे’ एवढाच अर्थ शिकलेला तरुण याला साहेबांची वैयक्तिक आवड समजण्याचा संभव आहे. याचे खरे मराठी रूप ‘लाइन सोडली नाहीत तर बरे होईल’ असे आहे आणि ‘तर बरे होईल’ यातील इशारा कोणत्याही मराठी माणसाला तत्काळ समजतो. सत्ताधारी व्यक्तीची पसंती ही आज्ञा असते, हे ज्ञान विद्यार्थ्याजवळ आहेच. ते इंग्रजी वाक्याशी जोडून देण्याचे काम तेवढे शिक्षकाने करायचे आहे.

याच्या उलट बाजूला, सत्ता नसलेल्याने पसंतीच्या भाषेत दिलेला नकार विलक्षण ठरू शकतो. हर्मन मेल्व्हिलच्या १८५३ मधील ‘बार्टलबी’ या कथेतील कारकून काम सांगितल्यावर वाद घालत नाही, कारण देत नाही. केवळ आपली पसंती निराळी असल्याचे नम्रपणे कळवतो. त्याच्या मालकाला या वाक्यासमोर काय करावे ते सुचत नाही. पसंतीचा वाक्प्रयोग ज्याने वापरायचा नाही असे सर्वांनी गृहीत धरलेले असते त्यानेच तो वापरला, यातून ती कोंडी निर्माण होते.

मुलाखतीतील अनुभव याच्याशी निगडित आहे. ‘वुड यू रादर वर्क इन प्रॉडक्शन ऑर इन क्वालिटी?’ या प्रश्नाला आपल्या विद्यार्थ्यांचे सर्वाधिक ओळखीचे उत्तर ‘एनी वर्क, सर’ हे आहे. विचारणाऱ्याला यात निर्णयशक्तीचा अभाव दिसतो. वस्तुतः विद्यार्थ्याने मनातल्या मनात प्रश्नाचे भाषांतर केलेले असते आणि त्याच्या घरच्या भाषेत नोकरी ही पसंत करण्याची नव्हे, पत्करण्याची गोष्ट असते. शिवाय ‘बरे’च्या वाक्यात ‘मी’ नसतो. ‘चालत गेलेले बरे’ हे कोणाचे मत, हे वाक्य सांगत नाही. ते शहाणपणाचे सर्वसाधारण विधान म्हणून येते. इंग्रजी वाक्यात ‘आय’ अनिवार्य आहे. त्यामुळे या विद्यार्थ्याला नवी रचना शिकण्याबरोबर वाक्याच्या अग्रभागी स्वतःला उभे करण्याचेही शिकावे लागते. हे अवघड आहे आणि ते अवघड आहे हे आपण त्याला सांगितले पाहिजे.

६. पसंती, परिस्थिती आणि परिसराचा अभ्यास

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण पसंतीचा एक क्रमच सांगते. पिंपरी-चिंचवड परिसरात गेल्या साठ-सत्तर वर्षांत हा क्रम व्यवहारात उलटला. औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी संपादित झाल्या. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणासाठीही झाल्या. पुढे चाकण परिसरात महाळुंगे, निघोजे या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले. या बदलाविषयी लिहिताना ‘लोकांनी शेतीपेक्षा औद्योगिक नोकरी पसंत केली’ असे वाक्य सहज लिहिले जाते. परंतु गावातील माणूस बोलतो तेव्हा त्याची क्रियापदे वेगळी असतात. ‘शेती परवडेना.’ ‘नोकरी पत्करली.’ ‘पडीक ठेवण्यापेक्षा दिलेली बरी.’ यांतील प्रत्येक वाक्याचा इंग्रजी अनुवाद ‘प्रिफर’ किंवा ‘रादर’ वापरून करता येतो आणि तसा केला की त्यातील आर्थिक हिशेब, जबाबदारी आणि अपरिहार्यता तिन्ही नाहीशा होतात.

‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द याच प्रकारचा आहे. शब्दात इच्छा आहे. ती घेणाऱ्याच्या तोंडी मात्र बहुधा ‘घेतलेली बरी’ हेच वाक्य असते.

अर्थशास्त्रातही हा पेच परिचित आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार माणसाची पसंती त्याच्या प्रत्यक्ष निवडीतून प्रकट होते. ती मनात शिरून शोधावी लागत नाही. अमर्त्य सेन यांनी १९७७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात, निवड, पसंती आणि हित या गोष्टी एकच मानणाऱ्या भूमिकेवर टीका केली. जॉन एल्स्टर यांनी १९८३ मध्ये, जे मिळण्याजोगे नाही त्याची इच्छाच माणूस कशी सोडून देतो, याची चर्चा ‘सावर ग्रेप्स’ या ग्रंथात केली. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ या आपल्या म्हणीशी ते शीर्षक नाते सांगते. या चर्चेत जो भेद युक्तिवादाने सिद्ध करावा लागतो तो मराठीच्या क्रियापदांत रोजच्या वापरात आहे. त्यामुळे भेद आपोआप सिद्ध होतो असे नव्हे. ‘परवडले’ म्हणणारा माणूसही कधी आपली आवड लपवत असू शकतो. तथापि त्याने कोणते क्रियापद वापरले ही नोंद घेण्यासारखी सामग्री आहे, एवढे निश्चित म्हणता येईल.

आपल्या महाविद्यालयांत सर्वेक्षणे केली जातात. इंग्रजीत तयार झालेल्या प्रश्नावलीचे मराठी रूपांतर करताना ‘आपण पुढीलपैकी काय पसंत कराल?’ असा प्रश्न लिहिला जातो आणि मिळालेली उत्तरे ‘पसंती’ या सदराखाली मोजली जातात. ज्याच्यासमोर निवडण्याजोगे काही नव्हते त्यालाही आपण या प्रश्नाने ग्राहक ठरवतो. ही भाषिक चूक आहे आणि तीच पुढे तक्त्यांत तथ्य म्हणून उतरते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) ‘वुड रादर’ हा काळाच्या कल्पनेतून आलेला, नाकारलेल्या पर्यायाला महत्त्व देणारा वाक्प्रयोग आहे. ‘पसंत करणे’ हा त्याचा एकमेव प्रतिशब्द मानणे योग्य नाही.

(२) अध्यापनात त्याची सांगड ‘त्यापेक्षा बरे’, ‘परवडले’, ‘पत्करले’, ‘एक वेळ... पण’ या जिवंत मराठी रूपांशी घालावी. भूतकाळाच्या रूपाचे साम्य आणि ‘-पेक्षा’ या प्रत्ययाचे बहुविध कार्य यांचा त्यासाठी थेट उपयोग होतो.

(३) दुसऱ्याच्या कृतीविषयीच्या वाक्यांत हा वाक्प्रयोग आज्ञेचे किंवा मनाईचे काम करतो. औद्योगिक परिसरातील विद्यार्थ्यांना हे आवर्जून शिकवले पाहिजे.

(४) मराठी मुलाखती आणि प्रश्नावल्या यांवर आधारलेल्या संशोधनात उत्तर देणाऱ्याचे मूळ क्रियापद जतन करावे; त्याचे ‘पसंती’ असे सरसकट रूपांतर करू नये.

इंग्रजी शिकवताना मराठी दूर ठेवावी, असा एक विचार आपल्याकडे प्रभावी आहे. प्रस्तुत वाक्प्रयोगापुरते तरी त्याच्या विरुद्ध मत नोंदवावेसे वाटते. ‘चालत गेलेले बरे’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पसंतीची भाषा येत नाही असे समजून आपण त्याला ‘पसंत करीन’ हे अधिक गरीब वाक्य शिकवतो आणि मग त्यावरून इंग्रजीकडे नेतो. त्याच्या स्वतःच्या वाक्यापासून सुरुवात केली तर तो इंग्रजीपर्यंत अधिक सरळ पोहोचेल आणि आपण काय निवडले व काय केवळ पत्करले, हेही त्याला दोन्ही भाषांत सांगता येईल.